दूधभाऊ आधी आला

केर्केना, बुधवार, ५ मार्च

नेजिहा पोरी,

सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल, सांग बघू? शेजारची चेल्बिया! कडेवर तिचा अय्यूब, ईदचा जरीचा अंगरखा घातलेला, डोक्यावर लाल टोपी आणि नाकाला शेंबूड. ट्युनिसच्या डॉक्टरीणबाई नुकत्याच बोटीतून उतरून आपल्या अंगणात टेकल्या होत्या. त्यांच्या बर्फाच्या पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं, आणि ही दारात हजर. म्हणाली, "रक्त तपासायला भावंडांना आधी बोलावलंय ना? हा घ्या भाऊ."

डॉक्टरीणबाईंचं नाव इब्तिसाम. हडकुळ्या आहेत, पण हसतात छान. त्यांनी विचारलं, "नौरसचा सख्खा भाऊ का?"

"दुधाचा," चेल्बिया म्हणाली. "माझ्या छातीला गळू झालं होतं तेव्हा नौरसच्या आईनं, दलेंदानं, दोघांना एकदम पाजलंय. एक इकडे, एक तिकडे."

"अहो ताई, ते नातं लग्नाच्या आड येतं. सुईला त्याचा काही उपयोग नाही."

"म्हणजे? अल्लाला चालतं आणि तुमच्या बाटलीला चालत नाही?"

मी इतकी हसले की हातातला चहा सांडला. मग नौरसकडे लक्ष गेलं आणि हसू आटलं.

तू तिला पाहिलेलंच नाहीस. तुझ्या भावाची, हसूनाची पोर. समुद्रपक्ष्याचं नाव ठेवलं, अंगानंही पक्ष्याएवढीच राहिली. चालायचं वय होऊन गेलं तरी भिंतीला धरून उभी राहते आणि बसते. जन्मल्यापासून खोकला, जुलाब, तोंड आलेलं. एक बरं होईतो दुसरं. पण हसते गं! मी विचारते, "नेजिहा आत्या कुठंय?" की बोट समुद्राकडे करते, स्फाक्सच्या दिशेला. मीच शिकवलंय. तुझ्या काकासमोर, हाजी तिजानीसमोर, तिनं ते केलं तेव्हा त्याचं तोंड असं झालं जसं कुणी लिंबू पिळलंय. मला फार बरं वाटलं.

अक्षर बघितलंस का माझं? बायकांच्या साक्षरतेच्या वर्गात जाते मी. मास्तरीण मानानं म्हणते, लल्ला मन्नूबिया, तुमच्या ओळी समुद्राला गेल्यासारख्या खाली उतरतात. उतरू देत. तू फोन ठेवून देतेस, पत्र ठेवून देता येत नाही. चेल्बियाचा नवरा बोटीवर काम करतो, तो हे तुझ्या शिवणाच्या दुकानात आणून देईल.

तर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. म्हणाल्या, प्रत्येकाच्या अंगात पहारेकरी असतात, रोग शिरला की त्याला मारणारे. नौरसच्या अंगात ते आहेत, पण चोर आलाय हे त्यांना कुणी दाखवतच नाही. मी म्हटलं, थांबा बाई, म्हणजे आपल्या समुद्रातल्या कुंपणासारखं. शेवटचा पिंजरा शाबूत आहे, पण मासा पिंजऱ्याकडे वळवणाऱ्या खजुरीच्या झावळ्याच कुणी रोवल्या नाहीत. मासा सगळीकडे हिंडतो आणि पिंजरा रिकामा. बाई म्हणाल्या, "आजी, अगदी तसंच."

झावळ्या कशा रोवायच्या हे अंगाला सांगणारं जे असतं त्याला त्या जनुक म्हणाल्या. ते प्रत्येकाला दोनदा मिळतं, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेलं असलं तरी दुसऱ्यावर भागतं, माणसाला कळतसुद्धा नाही. दोन्ही बिघडलेली आली तर नौरस. बाईंनी विचारलं, "आई-बापाचं लग्नाआधीचं नातं काय?" दलेंदानं मान खाली घातली आणि हसूना म्हणाला, "ती माझ्या काकाची मुलगी." बाईंनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, अशी घरं त्यांनी इथून अल्जीरियापर्यंत पाहिली आहेत, पणजोबा एकच निघतो.

आता ऐक, मला किळस कशाची आली ते. रक्त द्यायला शेजारीण पोराला नटवून घेऊन आली, आणि रक्ताचे कुठे होते? हाजी तिजानी, नौरसच्या आईचा बाप, त्याचं दार बंद. बाहेर ऑक्टोपस वाळत घातलेले, आत माणसं, आणि दार बंद. म्हणे समुद्रावर गेलाय. भरती संपून पाणी घोट्याला लागलेलं, त्या वेळेला समुद्रावर कोण जातं? मी खिडकीखाली उभी राहून आतली खोकल्याची उबळ ऐकली. त्याचाच खोकला. थुंकावंसं वाटलं, थुंकले. त्याच्या ऑक्टोपसवर नाही, तेवढी मी वाईट नाही.

मी, हसूना, दलेंदा, तिघांचं रक्त घेतलं. आणखी एक जण आलं होतं, मागच्या दारानं, माझी लोकरी चादर डोक्यावरून घेऊन. त्याचं नाव लिहीत नाही.

तुझ्याकडे मी काही मागत नाही. सहज लिहिलं.

तुझी आई

केर्केना, शनिवार, २२ मार्च

नेजिहा,

मागच्या पत्रात मी काही मागत नाही असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. पण आधी बाकीचं सांगते, नाहीतर तू पत्र इथेच मिटशील.

तुझी आत्या बेया आली होती नौरसची विचारपूस करायला. आली जेवायच्या वेळेला. मी जवाचा कुसकुस केला होता, वाळल्या ऑक्टोपसचा, वर लाल मिरचीचा हरिस्सा. तिनं दोनदा वाढून घेतला. आणि बसली कुठे? दाराशी, पदराचं टोक नाकाला लावून, जणू पोरगी मेलेली मासळी आहे. नौरसनं तिच्याकडे हात केला, पोरं करतात तसा, "घे" म्हणून. हिनं आपला पाय आखडून घेतला. मी सगळं बघत होते.

मी म्हटलं, "बेया, हे कुणाला लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, सांगतातच. आपल्या घरात असं कधी नव्हतं."

"नव्हतं? हाजीचे दोन मुलगे कशानं गेले? असाच खोकला, असेच जुलाब. तूच तर त्यांना कफनात गुंडाळलंस."

"ती नजर होती. चेल्बियाच्या आईची." आणि लगेच चमचा तोंडात. मग चावता चावता म्हणाली, "मन्नूबिया, मी स्पष्ट बोलते. ही काही राहत नाही. दुसरं होईल. दलेंदाला नाही झालं तर हसूनाला दुसरी बघू. घरातलीच बघू, म्हणजे कुंपण बाहेर जायला नको."

नौरस तिथेच बसलेली, चमच्यानं जमीन ठोकत. ऐकत होती. दलेंदा दारामागे होती, तीही ऐकत होती. मी बेयाच्या पुढचं ताट उचललं. अर्धं भरलेलं होतं. कोंबड्यांना टाकलं. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "कोंबड्यांना दुसरं मिळणार नाही, तुला मिळेल."

गेली बडबडत. आता सगळ्या बेटावर सांगत फिरतेय की म्हाताऱ्या मन्नूबियाचं डोकं फिरलं. फिरलंच आहे. इतक्या वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

कुंपण! ऐकलंस ना? या सगळ्यांच्या डोक्यात पोर नाही, ते समुद्रातलं कुंपण आहे. आजोबांनी रोवलेलं, कागदोपत्री आपलं, बापाकडून मुलाकडे येणारं, दर हंगामात नव्या झावळ्या लावायच्या. तुला आठवतंय, तुझ्या बाबांबरोबर तू झावळ्या वाहायला जायचीस, कमरेपर्यंत पाण्यात, आणि हाजी ओरडायचा की मुलीनं पाण्यात जाऊ नये. तुझ्या बाबांची आणि हाजीची वाटणी कधी वेगळी होऊ नये म्हणून तुला हाजीच्या वाचलेल्या थोरल्या मुलाला द्यायचं ठरलं होतं. तू म्हणालीस, "ज्याला भाऊ म्हणून भांडले त्याला नवरा कसा म्हणू?" आणि गाबेसच्या लस्सादबरोबर बोटीत बसलीस. हाजीनं तुझं नाव घरात घ्यायला बंदी केली. मग त्याच कुंपणासाठी त्यानं दलेंदा हसूनाला दिली. दलेंदा चांगली आहे, सोन्यासारखी आहे, तिच्यात काही खोट नाही आणि हसूनातही नाही. दोघांकडे एकेक बिघडलेलं, इतकंच.

धर्म म्हणतो, अय्यूबचं आणि नौरसचं लग्न होऊ शकत नाही, एकाच आईचं दूध प्याले म्हणून. बरं, मान्य. पण एकाच आजोबाचं हाडमांस वाटून घेतलेल्या दोघांना आम्ही ढोल वाजवून एका खोलीत घातलं. मी डॉक्टरीणबाईंना हे बोलले. त्या म्हणाल्या, "आजी, हे मी बोलले तर मला मारायला येतील." मी म्हटलं, "मी बोलते. मला कोण मारतंय?"

आता मागते. नौरसला बरं करायचा एकच उपाय आहे. ज्याचं जुळेल अशा नातेवाइकाच्या हाडातला मगज तिला द्यायचा. देणाऱ्याचं काही जात नाही, कमरेचं हाड थोडे दिवस दुखतं. नवा मगज तिच्या अंगात नव्या झावळ्या रोवेल. आई-बापाचं अर्धंच जुळलं, माझं जुळलं नाही, माझंच मेलं काही उपयोगाचं नाही. मागच्या दारानं आलेल्या त्या चौथ्याचा निकाल अजून यायचाय. तू तिची आत्या. बाईंनी स्फाक्सच्या प्रयोगशाळेत तुझं नाव देऊन ठेवलंय. इथे यायला नको. हाजीला भेटायला नको. फक्त बाही वर करायची.

तुझ्या बाबांच्या मयतीला तू आली होतीस आणि हाजीनं तुला दारातून परत पाठवलं, हे मला तुझी बोट सुटून गेल्यावर कळलं. म्हणून तू बेटावर पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतलीस. ती मोड असं मी म्हणत नाही.

तुझ्या मुलीचं नाव मन्नूबिया आहे असं बोटीवरच्या लोकांकडून कळलं. खरं का? मी कुणाला विचारलं नाही. तुला विचारतेय.

आई

केर्केना, मंगळवार, १५ एप्रिल

माझी नेजिहा,

तू गेलीस! पत्र नाही, निरोप नाही, पण गेलीस. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, म्हणाल्या, "तुमची मुलगी आली होती. सोबत एक लहान मुलगी होती, सुई बघून आईपेक्षा तीच मोठ्यानं रडली." मी विचारलं, "नाव काय तिचं?" म्हणाल्या, "आजी, तुमचंच." मी फोन ठेवला आणि चेल्बियाच्या घरी पळत गेले. या वयात पळत! तिनं मला ऑक्टोपस बडवायच्या दगडावर बसवलं आणि दोघी रडलो, मग हसलो, मग तिनं लाग्मी आणली, खजुरीचा ताजा रस, त्यात माशी पडलेली. माशी काढून प्यायलो.

तुझं जुळलं नाही. बाई म्हणाल्या, तुझ्यात बिघडलेलंही काही नाही, आणि जुळणारंही नाही. तू सगळ्यातून सुटून गेलीस बघ, आधी पायानं आणि आता रक्तानंही. वाईट वाटून घेऊ नकोस.

जुळलं सुंदुसचं. आता नाव लिहायला हरकत नाही, तिनंच सांगितलं लिही म्हणून. हाजीची धाकटी, दलेंदाची बहीण, नौरसची मावशी. त्या दिवशी मागच्या दारानं माझी चादर घेऊन आलेली तीच. तू गेलीस तेव्हा दोन वेण्यांची होती, तुझ्या शिवणयंत्राची चाकं फिरवायची. पूर्ण जुळलं, सख्खी बहीण जुळावी तसं. बाई म्हणाल्या, मावशीचं असं जुळणं फार क्वचित, पण तुमच्या घरात नाती इतकी गुंतलेली आहेत की तसं झालं. मला क्षणभर शिसारी आली आणि क्षणभर नाचावंसं वाटलं. ज्यानं पोर आजारी पाडली त्याच गुंत्यात तिचं औषध सापडावं! सुंदुसमध्येही एक बिघडलेलं आहे, दलेंदासारखंच, पण त्यानं देण्यात अडचण येत नाही.

मी हाजीकडे गेले. वाटलं, शेवटी त्याची नात आहे.

तो अंगणात बसून पिंजऱ्याच्या दोऱ्या वळत होता. मी सांगितलं. मध्ये एकदाही त्यानं मान वर केली नाही. मग म्हणाला, "कुणाच्या परवानगीनं तिचं रक्त घेतलं?"

"तिच्या."

"सुंदुसची सोयरीक स्फाक्सच्या कापडवाल्यांकडे ठरतेय. चार मे रोजी पाहुणे येतायत. अशा वेळी या घरात रोग आहे, पोरीच्या हाडातून काही काढायचंय, हे त्यांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे की. रोग नाही, सुंदुस ठणठणीत आहे. त्यांचा मुलगा परक्या घरातला, त्यांच्या पोरांना हे होण्याची भीती जवळपास नाहीच. बाई स्वतः येऊन त्यांना सांगतील."

"लग्न होऊ दे. ऑगस्टमध्ये लग्न. मग नेऊन काय काढायचं ते काढा."

"हाजी, नौरस ऑगस्ट बघणार नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा ताप होता. बाई म्हणाल्या, आता ती जरा बरी आहे तोवरच करायला हवं."

तेव्हा त्यानं मान वर केली. आणि काय म्हणाला माहीत आहे? बहिणीनं म्हटलं तेच. शब्दसुद्धा तेच. "दुसरं होईल, मन्नूबिया."

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्याच हातांनी त्यानं स्वतःचे दोन मुलगे मातीत ठेवलेत. मी त्या दिवशी तिथे होते, हा माणूस जमिनीवर लोळून रडला होता. मी म्हटलं, "तुमच्या त्या दोघांबद्दल कुणी तुम्हाला असं म्हणालं होतं का?"

"ती नजर होती."

"नजर नव्हती. तुमच्याच अंगातलं होतं आणि तुमच्या बायकोच्या, अल्ला तिला जागा देवो, तिच्याही. इतकी वर्षं चेल्बियाच्या आईला शिव्या घातल्यात. ती बिचारी तुमच्या गल्लीतून तोंड झाकून जायची, मरेपर्यंत."

त्यानं दोरी दातानं तोडली. म्हणाला, "जास्त बोलशील तर समुद्राची वाटणी करीन. खोल पाण्याची बाजू माझी, हसूनाला चिखल उरेल. मग विक चिखलातली खेकडी."

मी घरी येऊन हात धुतले. दोनदा धुतले. त्याला हात लावलाही नव्हता.

सुंदुसचं काय करायचं कळत नाही. बाई म्हणतात, ती सज्ञान आहे, तिचीच सही लागते, बापाची नाही. पण तिचं त्या मुलावर, वलीदवर, मन बसलंय. लपवायचं कशाला? मोबाइलवर दोघं बोलतात, ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलते आणि येते तेव्हा गाल लाल. परवा माझ्याजवळ बसून म्हणाली, "लल्ला, मी नाही म्हटलं आणि नौरस गेली तर मी माणूस राहणार नाही. हो म्हटलं आणि वलीद गेला तर..." मी काय सांगणार? मी तिच्या केसांना तेल लावलं.

तू काही सांगशील का तिला? तू एकदा बोटीत बसलेली आहेस.

आई

केर्केना, रविवार, ४ मे

नेजिहा, बाळा,

पाहुणे दुपारी गेले. ताटं अजून धुतली नाहीत, आधी तुला लिहितेय, नाहीतर माझं पोट फुटेल.

सकाळच्या बोटीनं आले. हाजीच्या घरी कुणी मोठी बाई नाही, म्हणून बैठक आपल्याकडे. वलीद, त्याची आई लल्ला रशीदा, दोन काकू आणि एक मामा, मामा नुसता खायला. रशीदानं आणलं होतं बदामाच्या वड्यांचं मोठं ताट, हिरव्या, गुलाबी, वर चांदीचे मणी, स्फाक्सच्या लोकांचं काम ते, नजर ठरत नव्हती. हाजीनं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. दलेंदानं आतल्या खोलीत राहायचं, नौरसला झोपवायचं, मी चहा द्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. हसूना कोपऱ्यात, नव्या सदऱ्यात, वाळत घातलेल्या माशासारखा ताठ.

छान चाललं होतं. मग आतून खोकला आला. तुला तो खोकला माहीत नाही, एवढ्याशा पोरीच्या अंगातून तो येतो असं वाटत नाही. आणि दार ढकलून नौरस बाहेर. रांगत! जिनं भिंत सोडली नव्हती ती आज रांगत आली, थेट पाहुण्यांच्या मध्ये, आणि रशीदाच्या झग्याला धरून उभी राहिली.

रशीदानं विचारलं, "अरे, ही कुणाची? किती बारीक आहे!"

हाजी म्हणाला, "शेजारणीची आहे. सारखी येते इकडे."

मी चहाची किटली खाली ठेवली. दलेंदा दारात उभी होती. बापानं तिच्या पोटची पोर तिच्यादेखत शेजारणीची करून टाकली, आणि पुढे वडी उचलून खाल्ली. चावली, गिळली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घाण पाहिलीय नेजिहा, मासे साफ करण्यात जन्म गेला, पण असं काही पाहिलं नव्हतं.

वर म्हणतो, "हसूना, हाक मार चेल्बियाला. म्हणावं, तुझी पोर घेऊन जा."

हाक मारायला नकोच होती. चेल्बिया भिंतीपलीकडे कान लावूनच होती. आली. हात पिठाचे, मागे अय्यूब. तिनं नौरसला उचलून कडेवर घेतलं, मुका घेतला आणि पाहुण्यांकडे वळली. म्हणाली, "माझीच तर माझी. माझा अय्यूब हिचा दूधभाऊ आहे, म्हणजे पोर अर्धी माझी आहेच. पण मग हाजी, या घरच्या सोयरिकीत मीही आले की नाही? लल्ला रशीदा, जरा सरका. व्याह्यांना बसायला जागा द्या."

आणि बसली! सोफ्यावर, मामा आणि काकूच्या मध्ये, पिठाच्या हातांनी. वर गुलाबी वडी उचलून अय्यूबला दिली. मामाला हसू फुटलं. रशीदाला कळेना हसावं की उठावं. हाजीचा चेहरा वांग्यासारखा.

मी तोंड उघडणारच होते. पण सुंदुस आधी बोलली. खाली बघून नाही, वलीदकडे बघून बोलली. "ही माझ्या बहिणीची मुलगी नौरस. हिच्या अंगात रोगाशी लढायची ताकद नाही. माझ्या हाडातला मगज तिला जुळलाय. मी देणार आहे. तुम्हाला आधीच सांगणार होते, सांगू दिलं नाही."

अय्यूबनं वडीचा आणखी एक लचका तोडला.

रशीदा म्हणाली, "म्हणजे... हे घराण्यातच आहे?"

मी समजावलं. झावळ्या, पिंजरा, दोन जनुकं, परक्या घरातला नवरा असला की काळजी नाही, सगळं. वलीदची तपासणी करून घेता येते हेही सांगितलं. बाई वाईट नाही, ऐकत होती. पण ऐकता ऐकता तिचा हात हळूहळू ताटाकडे सरकत होता.

हाजी ओरडला, "झालं? मिळालं समाधान? आजच समुद्राची वाटणी करतो!"

आणि हसूना, आपला हसूना, जो या काकासमोर पाणीसुद्धा विचारून पितो, तो कोपऱ्यातून म्हणाला, "करा. चिखल मला द्या. पोर माझी आहे हे एवढं लिहून घ्या." मग त्यानं चेल्बियाच्या कडेवरून नौरसला घेतलं आणि बाहेर अंगणात जाऊन उन्हात उभा राहिला. पाठमोरा. खांदे हलत होते.

पाहुणे उठले. वलीद सुंदुसच्या समोर थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं. आईनं बाहीला धरलं तसा गेला. दारातून एकदा मागे बघितलं, तेवढंच. सुंदुस रडली नाही. निदान माझ्यासमोर नाही. आणि लल्ला रशीदानं काय केलं असेल? ताटावर रुमाल टाकला, गाठ मारली आणि ताट उचलून नेलं! त्या वड्या, आणलेल्या, खाऊन निम्म्या झालेल्या, परत! म्हणाली, "या उन्हात राहणार नाहीत. विचार करून कळवतो, पुन्हा येऊच, तेव्हा ताज्या आणू." फक्त अय्यूबच्या मुठीतली तेवढी राहिली, ती काही त्यानं सोडली नाही.

मला अजून हसू येतंय.

संध्याकाळी सुंदुस पिशवी भरून माझ्याकडे राहायला आली. हाजीनं तिला अडवलं नाही. मी त्याच्या दारावरून गेले तर तो ऑक्टोपसखाली नुसता बसला होता. चेल्बिया त्याच गल्लीतून आली, तोंड न झाकता, मुद्दाम सावकाश. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. मला त्याची दया आली नाही. पुढे कधी येईल कदाचित, आज नाही.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सोमवारी सकाळी ट्युनिसच्या रुग्णालयात हजर व्हायला सांगितलंय, नौरस आणि सुंदुस दोघींनी. म्हणून आम्ही येत्या रविवारी, अकरा तारखेला, पहिल्या बोटीनं निघतोय. सुंदुस, दलेंदा, नौरस आणि मी. हसूना इथेच, वाटणीचा चिखल सांभाळायला, मग मागून येईल. मी ट्युनिस कधी पाहिलं नाही, मला रस्ता ओलांडता येत नाही, आणि बाई म्हणाल्या पुढे फार दिवस थांबावं लागेल, आणि सगळं नीट होईलच असं त्याही म्हणत नाहीत. म्हणून तू स्फाक्सच्या धक्क्यावर यावंस. बेटावर पाऊल ठेवायचं नाही ना तुला, ठेवू नकोस. धक्का तुझ्या बाजूचा आहे. पाण्यावरून मीच येते. आणि ती धाकटी मन्नूबिया, सुई बघून रडणारी, तिला घेऊन ये. नौरसला विचारीन, आत्या कुठंय, आणि या वेळी ती बोट दाखवेल तिथे तू असावीस.

लल्ला रशीदाला मी विचारलं होतं, पुन्हा कधी येणार म्हणून, म्हणजे चूल पेटवून ठेवायला. म्हणाली, येत्या रविवारी, पहिल्या बोटीनं. येऊ देत, तेव्हा आम्ही समोरच्या बोटीत असू.

तुझी आई
मन्नूबिया